मामा, मेबल चॅप्लिनच्या आधीची

टिळकवाडीच्या मामांनी रविवारी घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. संध्याकाळपर्यंत तोच मला खानापूर आणि निपाणीहूनही आला. मजकूर असा: मूकपटातली विनोदी नटी मेबल नॉर्मंड हिला चार्ली चॅप्लिननं घडवलं, तिनं एका दिग्दर्शकाचा खून केला, आणि बोलपट आले तेव्हा आवाज चांगला नसल्यानं ती घरी बसली.

आता पहिला मुद्दा. मूळचं कुणाचं, या वादातच आम्ही सीमाभागातली माणसं लहानाची मोठी झालो, त्यामुळे आधी तारखा बघायची खोड. मेबल १९१२ पासून मॅक सेनेटच्या कीस्टोन या विनोदी चित्रपट काढणाऱ्या कंपनीत होती. चॅप्लिन तिथं आला १९१३ च्या अखेरीस, सिनेमात अगदी नवखा. ‘मेबल्स स्ट्रेंज प्रेडिकमेंट’ हा फेब्रुवारी १९१४ चा छोटा चित्रपट बघा मामा. मेबल रात्रीच्या कपड्यांत हॉटेलच्या खोलीबाहेर अडकते, कुणी बघू नये म्हणून धडपडते, शेवटी परक्याच्या पलंगाखाली शिरते. बाहेर एक झिंगलेला भटक्या: ढगळ विजार, तंग कोट, हातात काठी. हाच तो चॅप्लिनचा जगप्रसिद्ध वेश. आणि दिग्दर्शन कुणाचं? मेबलचं. तेव्हा ती जेमतेम एकवीस वर्षांची. पुढं ‘मेबल ॲट द व्हील’च्या वेळी या पोरीचं ऐकायचं का, यावरून चॅप्लिनची तिच्याशी जुंपली. त्यानं स्वतःच आत्मचरित्रात ते सांगितलंय. तिच्याकडून तो शिकला, एवढं म्हणायला हरकत नाही.

खुनाचं म्हणाल तर तो दिग्दर्शक, विल्यम डेस्मंड टेलर, १ फेब्रुवारी १९२२ च्या रात्री मारला गेला. त्या संध्याकाळी मेबल त्याच्याकडे गेली होती. तोच तिला गाडीपर्यंत सोडायला आला. पोलिसांनी तिची चौकशी केली, पण आरोप कधीच ठेवला नाही. खुनी आजतागायत सापडलेला नाही. पेपरवाल्यांनी मात्र तिला सोडलं नाही, आणि शंभर वर्षांनी आम्हीही नाही.

आवाजाची गोष्ट तर निव्वळ थाप. तिचे शेवटचे छोटे चित्रपट १९२७ च्या सुरुवातीचे, आणि बोलपटांची लाट आणणारा ‘द जॅझ सिंगर’ आला त्या वर्षीच्या ऑक्टोबरात. तोवर क्षयानं तिला पोखरलं होतं. २३ फेब्रुवारी १९३० ला कॅलिफोर्नियातल्या मनरोव्हियाच्या आरोग्यधामात ती गेली. तिचा आवाज पडद्यावर कुणी ऐकलाच नाही; तो वाईट होता हे ठरवलं कुणी, मामा?