घेवड्याखाली बोटभर पाणी

आज दुपारी साताऱ्यात एका साखरपुड्याच्या जेवणात ‘बेक्ड घेवडा’ होता. डाव घातला आणि खालून बोटभर पाणी वर आलं. पिवळट, कोमट. वर चीजचं जाड पांघरूण, खाली गळालेल्या फ्रोजन शेंगा. मंडईत कोवळा श्रावणघेवडा ढिगानं पडलाय आणि पाहुण्यांच्या ताटात हा लगदा! कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला, म्हणजे आपल्या पट्टेदार राजम्याला, जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं म्हणून मिरवतो ना आपण? मग त्याच्याच जातकुळीतल्या ओल्या शेंगेची ही दशा का?

ते पाणी येतं तीन चुकांमुळे. फ्रोजन शेंगेतल्या बर्फानं आतल्या पेशी फुटलेल्या असतात, त्यामुळे गरम झाली की ती पाणी सोडते. ट्रेमध्ये शेंगांचा थरावर थर रचला की वाफ कोंडते आणि भाजायच्या ऐवजी त्या उकडतात. आणि मीठ लावून तासभर ठेवलं तर पाणी आधीच सुटतं.

अर्धा किलो शेंगा घ्या. मोडताना ‘कट्’ वाजली पाहिजे. वाकली तर शिळी. देठ आणि शिरा काढा, धुवा आणि फडक्यावर अर्धा तास पसरून कोरड्या करा. हा अर्धा तास कुणी देत नाही, तिथंच घोळ होतो. ओव्हन २१० अंशांवर, रिकामा ट्रे आतच ठेवून १५ मिनिटं तापवा. शेंगांना २ टेबलस्पून शेंगतेल आणि पाव चमचा हळद चोळा. पाऊण चमचा मीठ ट्रेमध्ये टाकायच्या क्षणी. एकच थर, शेंगांमध्ये फट दिसली पाहिजे. मावत नसतील तर दोन घाणे करा, पण दाटी नको.

१२ मिनिटांनी उलथा. आणखी ४-५ मिनिटांनी टोकांवर तपकिरी डाग आले की ५ ठेचलेल्या लसूणपाकळ्या, १ चमचा कांदा-लसूण मसाला आणि ३ टेबलस्पून जाडसर दाण्याचं कूट चमचाभर तेलात कालवून वरून घाला आणि ४ मिनिटं ठेवा. हे सुरुवातीलाच घातलं तर मसाला करपतो, लसूण कडू होतो. लिंबू मात्र बाहेर काढल्यावरच. आधी पिळलं तर आंबटानं हिरवा रंग शेवाळी पडतो. रंगासाठी सोडा तर अजिबात नको, शेंग गिळगिळीत होते.

थंडीत ओला पावटा मिळाला तर दाणे सोलून घाला, पण आधी मिठाच्या पाण्यात चिमटीत दबेपर्यंत उकडून, निथळून. कच्चेच ओव्हनमध्ये गेले तर मऊ व्हायच्या आधी वाळून खडे होतात.

बरं, चीज घालणाऱ्यांनी घालावं. शेवटी, मूठभर, पाणी झाकायला नव्हे.

आता राग जरा उतरलाय. दोनशे माणसांचं जेवण, ट्रे दोन तास बर्नरवर झाकून ठेवलेला, त्यात त्या आचाऱ्यानं तरी काय करायचं? जेवणावळीत ही भाजी ठेवूच नये. ही घरी करायची, भाकरी तव्यावर असताना ट्रे काढायचा आणि लगेच वाढायची. झाकण ठेवू नका. पाच मिनिटं जरी झाकलं तरी झाकणाला घाम येतो, तो शेंगांवर टपकतो आणि दुपारचं ते पाणी तुमच्याही ताटात येतं.