खेचराची शेपटी आखूड का केली नाही: एक तारा देणाऱ्या ग्राहकांना उत्तर

नमस्कार. कर्जतजवळच्या तुमच्या फार्महाऊसवर येऊन आम्ही दोन गाढवं आणि एका खेचराची कातरणी केली, त्याबद्दल तुम्ही एक तारा दिला आहे. तुमचं म्हणणं असं की तीन जनावरांना अर्धा दिवस लावला, सांगूनही शेपटी आखूड केली नाही, कानातले केस तसेच ठेवले आणि पैसे मात्र पूर्ण घेतले. नेरळ-माथेरानकडचे घोडेवालेही आम्हाला बोलावतात. त्यांनाही वाचता यावं म्हणून उत्तर इथेच देतो.

आधी शेपटी. तुम्ही मोबाईलवर दाखवलेल्या फोटोत शेपटी वरून भादरून खाली गोंडे ठेवले होते. ती अमेरिकी लष्करातली जुनी पद्धत. शिकलेलं खेचर कोणतं आणि नवखं कोणतं, हे लांबून ओळखता यावं म्हणून तिकडे तशा शेपट्या कापत. आपल्याकडे पावसाळ्यात गोठ्यामागे चिखल आणि शेण साचतं, चावऱ्या माश्या आणि गोमाश्या वाढतात. सर्रा हा रोग मुख्यतः या गोमाश्या एका जनावरातून दुसऱ्यात नेतात. खेचराचं तोंड बरगड्यांपर्यंत पोचतं, पण मांड्यांच्या आतल्या बाजूला बसलेली माशी हाकलायला त्याच्याकडे शेपटीच आहे. शेपटीचा केस महिन्याला साधारण दोन-अडीच सेंटीमीटर वाढतो, म्हणजे मुळापासून कापली तर पुरती यायला दोन वर्षं तरी जातात. म्हणून मागच्या पायाच्या ढोपराच्या बोटभर खाली सरळ कापली, चिखलात लोळणारं टोक काढलं आणि थांबलो. गाढवांच्या शेपटीला लांब केस असतात ते टोकाच्या झुपक्यातच. तिथे गोखरू आणि आघाड्याची कुसळं अडकून घट्ट गोळा झाला होता. कात्री लावली असती तर दोन मिनिटांत झुपकाच गेला असता. माझ्या सहकाऱ्याने खोबरेल तेल लावून खालून वर, बोटांनी एकेक बट मोकळी केली. तुमचा बराचसा वेळ तिथे गेला.

उरलेला वेळ धाकट्या गाढवाला मशीनच्या आवाजाची सवय करण्यात गेला. घोडा घाबरला की उसळतो. गाढव पाय रोवून उभं राहतं, आणि लोक त्याला हट्टी म्हणतात. तुमच्या माणसाने कान पिळून धरायची तयारी दाखवली, मी नको म्हटलं. कान पिळला की त्या दिवशी काम होतं, पण पुढच्या वेळी ते जनावर डोक्याला हातही लावू देत नाही, मग मुस्की घालणंही मुश्कील. मशीन आधी बंदच ठेवून खांद्यावर टेकवली, मग लांब चालू केली, मग जवळ आणली. मानेवर पोचेपर्यंत त्याने खालचा ओठ सैल सोडला होता. तुम्ही तेव्हा फोनवर होता, पण तुमच्या मुलीने ते पाहिलं.

कानातल्या केसांमुळे पावसाचं पाणी आणि किडे आत जात नाहीत. आम्ही कानाच्या कडेबाहेर आलेले तेवढेच केस छाटतो. नाकाओठांवरच्या लांब मिशा कोणी सांगितल्या तरी काढत नाही. तोंडाजवळचं जनावराला नीट दिसत नाही, ते या मिशांनी चाचपतं. घोड्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्येही जुलै 2021 पासून त्या कापायला बंदी आहे.

मोठ्या गाढवाच्या मानेवर केस गेलेला गोल चट्टा होता. गजकर्णाचा संशय आला म्हणून त्याला शेवटी घेतलं, आणि आधीच्या दोघांच्या मधेही पाती काढून जंतुनाशकात बुडवली. तुम्हाला ती टंगळमंगळ वाटली. गजकर्ण पात्यांवरून एका जनावराचं दुसऱ्याला लागतं आणि आमच्या पेटीतून पुढच्या गोठ्यातही जातं, त्यामुळे घाई असली तरी हे काम आम्ही वगळत नाही.

पैशांबद्दल एवढंच की दर जनावरामागे आहे आणि तो फोनवरच सांगितला होता. केस किती कमी केले यावर तो ठरत नाही. दिवाळीनंतर माश्या कमी झाल्या की टोकं पुन्हा सारखी करून हवी असतील तर बोलवा, मुळापासून मात्र तेव्हाही कापणार नाही.

तुमच्या तक्रारीत एक गोष्ट आलेली नाही, आणि मला तिचीच जास्त काळजी आहे. खेचराच्या शेपटीच्या मुळाखाली, दुमची (खोगीर पुढे सरकू नये म्हणून शेपटीखालून घेतलेला पट्टा) बसते तिथे, कातडी सोलवटून ओली झाली आहे. केस दुमचीत अडकून ओढले जात होते, तेवढे आम्ही बाजूला कापले. तुमच्या माणसाला दाखवलंही होतं, पण निरोप तुमच्यापर्यंत पोचला नसावा. जखम पूर्ण सुकेपर्यंत त्याच्यावर खोगीर चढवू नका, आणि मोठ्या गाढवाचा चट्टा पाहायला पशुवैद्यकांना बोलवाल तेव्हा हीही दाखवा. पुढे दुमचीला मऊ सुती कापड गुंडाळा आणि रोज धुऊन वाळवा.