अख्ख्याला हवा, चिरलेल्याला झाकण

मागे एकदा ओट्याखालचे कपाट उघडले आणि नाकाला पदर लावावा लागला. आठ-दहा दिवसांपूर्वी आणलेले कांदे प्लास्टिकच्या पिशवीसकट, गाठ न सोडता, मीच तिथे ठेवले होते. पिशवीला आतून पाण्याचे थेंब धरले होते, तळाच्या दोन कांद्यांत बोट सहज रुतत होते आणि त्यांचे पाणी बाकीच्यांना लागले होते. त्याच वेळी ओट्यावर सकाळचा चिरून उरलेला अर्धा कांदा बशीत उघडाच पडला होता. म्हणजे ज्याला हवा हवी त्याला मी कोंडून ठेवले होते आणि ज्याला झाकायचे तो उघडा टाकला होता. ही उलटापालट बहुतेक स्वयंपाकघरांत होत असावी, असे मला वाटते.

अख्खा कांदा काढणीनंतरही जिवंत असतो. त्याचे श्वसन चालू असते आणि त्यातून बाहेर पडणारा ओलावा निघून जायला वाट लागते. वरचे पापुद्रे कोरडे आणि मान वाळून घट्ट मिटलेली असेल, तर तो अंधाऱ्या, कोरड्या, हवेशीर जागी जाळीच्या टोपलीत कित्येक आठवडे राहतो. मान ओली किंवा मऊ लागली, तर तो कांदा आधी वापरावा, कारण सड बऱ्याचदा तिथूनच आत शिरते. बटाट्यांशेजारी त्याला ठेवू नये, कारण तेही ओलावा सोडतात. फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यातली दमट हवाही अख्ख्या कांद्याला मानवत नाही. कोंब आला म्हणून मात्र कांदा फेकू नये. तो थोडा पोचट होतो, एवढेच.

सुरी लागली की सगळे बदलते. कांद्याच्या पेशीत गंधकयुक्त द्रव्ये आणि त्यांचे विघटन करणारे विकर (एन्झाइम) वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पेशी फुटली की ती एकत्र येतात आणि डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. हा वायू तयार करणारे आणखी एक स्वतंत्र विकर असते, हे जपानी संशोधकांनी 2002 मध्ये दाखवून दिले. बोथट सुरी कांदा कापण्याऐवजी चेचते, म्हणून पेशी जास्त फुटतात आणि डोळ्यांतून जास्त पाणी येते. तोंडात पाव धरणे, शेजारी मेणबत्ती लावणे असले उपाय मी करून पाहिले आहेत. सुरीला धार लावण्याइतका उपयोग कशाचाच झाला नाही. मुळाकडचे बूड शेवटपर्यंत न कापता कांदा उभा दुभागला, तर पाकळ्या सुटत नाहीत आणि चिरणेही लवकर उरकते.

उरलेल्या चिरलेल्या कांद्याबद्दल एक संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे, की तो हवेतले जंतू ओढून घेतो आणि विषारी होतो. कांदा काही लोहचुंबक नव्हे. त्यावर जंतू येतात ते मुख्यतः आपल्या हातांवरून, सुरीवरून आणि पाटावरून, आणि खोलीच्या तापमानाला ओल्या कापावर ते वाढतात, जसे कोणत्याही चिरलेल्या भाजीवर वाढतील. स्वच्छ सुरीने चिरलेला कांदा झाकणाच्या काचेच्या डब्यात घालून लगेच फ्रिजमध्ये ठेवला, तर तो चार-पाच दिवस निर्धास्त वापरता येतो. चिकट झाला किंवा आंबूस वास आला तर टाकावा. डबा काचेचाच घ्या, कारण प्लास्टिकला लागलेला कांद्याचा वास घासूनही जात नाही. माझा तसा एक डबा आता फक्त कांद्याच्याच नावावर आहे.