पैशाची दोरी शिक्षण मंडळाच्या हाती नाही

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या फेअरफॅक्स काउंटीतील (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग) शाळांच्या बऱ्यावाईटाला १२ सदस्यांचे निर्वाचित शिक्षण मंडळच जबाबदार आहे, हे लेखातील विधान मला अपुरे वाटते. व्हर्जिनियात शिक्षण मंडळाला कर लावण्याचा अधिकारच नाही. सुमारे १,८०,००० विद्यार्थ्यांचा खर्च ते आखते खरे, पण त्यातला मोठा वाटा मंजूर करते ते काउंटीचा कारभार पाहणारे निर्वाचित पर्यवेक्षक मंडळ, आणि तो येतो मुख्यतः घरपट्टीतून.

अर्थसंकल्पाच्या एका जनसुनावणीला मी गेलो होतो. एक शिक्षिका पगारवाढीसाठी कळकळीने बोलत होत्या, आणि मागच्याच रांगेत वाढीव घरपट्टीचे बिल हातात घेऊन एक वृद्ध गृहस्थ आपल्या पाळीची वाट पाहत होते. त्या दोघांची सांगड घालण्याचे काम पर्यवेक्षकांचे आहे, आणि लेखात त्यांचा उल्लेखही नाही.