रात्री दोनला झोळीतून उतरायचं म्हणजे…

जांबोटीच्या पुढं, मामाच्या काजूच्या बागेत झोळी बांधून झोपायला मला मनापासून आवडतं. पण दर खेपेला रात्री दोनला लघवी लागतेच! थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त आत सरकतं, मूत्रपिंडं जास्त पाणी बाहेर काढतात. झोळीखालून वारं लागलं की हे ठरलेलंच. मग अंधारात मच्छरदाणीची चेन शोधा, पांघरुणातून पाय सोडवा, झोळी उलटू नये म्हणून बूड मधोमध धरा, बूट झटका (विंचू असतोय की), बॅटरी घ्या. पावसाळ्यात वर आणि जळवा! परत येईस्तोवर ऊब गेलेली, झोप गेलेली. बाटली जवळ ठेव म्हणतात पुरुष मंडळी. आम्ही बायकांनी काय करायचं, सांगा की! दाबून पडून राहावं तर पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही.