खुलासा : ‘शर्वरी’ म्हणजे पार्वती नव्हे

‘शर्व म्हणजे शंकर, म्हणून शर्वरी म्हणजे शंकराची पत्नी, पार्वती’ असा अर्थ बारशाच्या याद्यांतून आणि व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. त्यातला पहिला अर्धा भाग बरोबर आहे, दुसरा चुकीचा.

शर्व हे शंकराचे नाव खरेच. पण त्याच्या पत्नीचे नाव होते शर्वाणी. भवाची भवानी, रुद्राची रुद्राणी, इंद्राची इंद्राणी, त्याच चालीवर. पाणिनीने तर या सगळ्यांसाठी एकच सूत्र दिले आहे. ‘शर्वरी’ त्या रांगेत बसत नाही.

शर्वरी म्हणजे रात्र. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात रात्रीची नावे सुरू होतात तीच शर्वरीपासून. पुढे निशा, त्रियामा, विभावरी, रजनी, यामिनी. चंद्राला शर्वरीश म्हणतात तेही यामुळेच.

रात्र हा अर्थ अशुभ वाटून कोणी पार्वती शोधली असेल, तर ती काळजी फुकटची. निशा, रजनी, यामिनी या नावांच्या मुली आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मालतीबाई बेडेकरांनी टोपणनावासाठीसुद्धा ‘विभावरी’च निवडले होते. आणि गंमत म्हणजे रात्रीचीच नावे संस्कृतात हळदीलाही आहेत! वैद्यांच्या ‘निशामलकी’ या औषधातली निशा म्हणजे हळदच.

मिळत्याजुळत्या नावांशीही गल्लत नको. शके 1942 च्या (2020-21) पंचांगातले ‘शार्वरी’ हे संवत्सराचे, म्हणजे वर्षाचे नाव. त्यात पहिला ‘शा’ दीर्घ. रामायणातली शबरी तर पूर्ण वेगळी. पार्वतीचेच नाव हवे असेल तर शर्वाणी ठेवा.