नाकापेक्षा मोती जड व्हायलाच पाहिजे

तुमच्याकडे जुनी मियाटा आहे, माझदाची ती छोटी, छप्पर उघडणारी दोन सीटची गाडी, किल्ली फिरवली की पहिल्या फटक्यात चालू होते, पेट्रोल बेतानं पिते, वळणावर नुसतं मनात आणलं तरी वळते, आणि तुम्ही रात्री शांत झोपता? मग राव तुमचं काहीतरी चुकतंय. एवढं सुख अंगाला लागत नाही माणसाच्या. लवकरात लवकर तिच्यात व्ही-एट, म्हणजे आठ सिलेंडरचं मोठं इंजिन, टाका.

आधी गाडीत खोट काढायला शिका, कारण सहजासहजी सापडणार नाही. माझदाने ही १९८९ ला शिकागोच्या ऑटो शोमध्ये दाखवली तेव्हा १.६ लिटरचं चार सिलेंडरचं इंजिन, ११६ हॉर्सपॉवर, वजन साडेनऊशे किलोच्या आसपास, आणि पुढच्या मागच्या चाकांवर भार जवळपास निम्मा निम्मा. त्या जपानी इंजिनियर लोकांचा मंत्र होता जिनबा इत्ताई, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. ऐकायला छान आहे हो, पण सिग्नलला शेजारी एक मिनीव्हॅन येऊन उभी राहते, मागे दोन पोरं कार्टून बघत चिप्स खातायत, आणि हिरवा लागल्यावर ती मिनीव्हॅन तुम्हाला सहज मागे टाकून निघून जाते, तेव्हा तो मंत्र म्हणून दाखवा. ११६ घोडे. आमच्या गावच्या जत्रेत जास्त असतील.

तर इंजिन कुठलं? यात विचार करायचाच नाही, शेवरलेचं एलएस. १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये, म्हणजे शेवरलेच्या स्पोर्ट्स कारमध्ये, पहिलं आलं, ५.७ लिटर, ३४५ हॉर्सपॉवर, ब्लॉक अॅल्युमिनियमचा. आणि खरी गोम अशी की याचा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडझाप करणारा दांडा, वर डोक्यावर नसून खाली ब्लॉकच्या पोटात असतो त्यामुळे हेड छोटे राहतात आणि एवढं मोठं इंजिन बाहेरून तसं आटोपशीर दिसतं. तुम्ही टेप लावून मोजाल, परत मोजाल, रात्री दोनला उठून मोजाल, आणि तुमच्या लक्षात येईल की अरे, हे बसतंय! बसतं हो. मराठीत टायरही बसतो, आवाजही बसतो आणि धंदाही बसतो, तसं हेही बसतं.

कुणी नावं ठेवली तर इतिहास फेकायचा तोंडावर. अमेरिकन रेसर कॅरल शेल्बीनं १९६२ ला काय केलं? इंग्लंडची एसी एस नावाची सुबक स्पोर्ट्स कार उचलली आणि तिच्यात फोर्डचं व्ही-एट घातलं, झाली कोब्रा. त्यावर समाधान झालं नाही म्हणून १९६५ ला सात लिटरचं घातलं. याच शेल्बीनं सनबीम अल्पाइनमध्येही फोर्डचं व्ही-एट बसवून दाखवलं आणि त्यातून १९६४ ची सनबीम टायगर आली. (टायगरमध्ये जागा इतकी कमी की मागचा एक स्पार्क प्लग काढायला गाडीच्या आतून, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीला ठेवलेल्या भोकातून हात घालावा लागतो. हे सांगायचं नाही.) १९७५ ची शेवरले मोन्झा तर खुद्द कंपनीनंच व्ही-एट घालून विकली, आणि तिचा एक प्लग बदलायला इंजिनाचं माउंट सोडवून इंजिन जॅकनं जरासं उचलावं लागायचं. हे तर अजिबातच सांगायचं नाही.

आता खरेदी. कॉर्व्हेटचं इंजिन महाग पडतं, म्हणून तुम्ही भंगारवाल्याकडे जाल आणि तो तुम्हाला एका आडव्या झालेल्या ताहोचं, म्हणजे शेवरलेच्या मोठ्या एसयूव्हीचं, ५.३ लिटरचं दाखवेल. ते स्वस्त का आहे, तर त्याचा ब्लॉक बिडाचा आहे, आपल्या आजीच्या तव्यासारखा. घ्या. हलकी गाडी हलकी होती म्हणून चांगली चालत होती हे खरंय, पण तुम्ही आता तिच्या नाकावर बिडाचा डोंगर ठेवणार आहात, आणि तुम्हाला ती म्हण आठवेलही, पण ती दागिन्यांविषयी आहे. इंजिनानं किती मैल काढलेत विचारलं तर भंगारवाला ऐंशी हजार सांगतो. मलाही ऐंशी हजारच सांगितले होते, माझ्या मित्रालाही, मला वाटतं तो आकडा त्यांच्या पावतीपुस्तकावर छापूनच येतो.

जुनं १.६ चं इंजिन काढाल तेव्हा ते नीट पुसून गॅरेजच्या कोपऱ्यात जुन्या चादरीखाली ठेवा. त्याला अजून काहीही झालेलं नाही, म्हणून जरा अपराधी वाटेल. वाटू दे.

घरी बजेट सांगताना फक्त इंजिनाची किंमत सांगा. ही पायरी चुकवू नका. कारण इंजिन ही चार आण्याची कोंबडी आहे, बारा आण्याचा मसाला पुढे आहे. एवढ्या ताकदीला मियाटाचा गिअरबॉक्स पुरणार नाही, मग कॅमारोचा सहा गिअरचा टी-५६ आणा. तो टनेलमध्ये, म्हणजे दोन सीटांमधल्या पत्र्याच्या फुगवट्याखाली, मावत नाही, मग टनेल ठोका. इंजिनाखालचा आडवा दांडा, क्रॉसमेंबर, ऑइल पॅनला आडवा येतो, मग तो कापून नवा वेल्ड करा. मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डिफरन्शियल, तुमची गाडी १९९४ च्या आधीची असेल तर त्यातली दात्यांची रिंग सहा इंची, ती ११६ घोड्यांच्या हिशोबाची, नव्या इंजिनाच्या घोड्यांपुढे तिचा भुगा, मग मोठ्या गाडीचा डिफ, मग त्याला जुळणारे अॅक्सल. आता गाडी पळणार तर थांबायला ब्रेक मोठे, मोठ्या ब्रेकवर जुनी चाकं चढत नाहीत म्हणून चाकं मोठी, चाकं फेंडरला घासतात म्हणून फेंडर कापा. रेडिएटर दुप्पट. स्प्रिंगा कडक, कारण नाक खाली आलंय. शेवटी मी हिशोब मांडला तेव्हा मूळ गाडीतलं न बदललेलं असं जे उरलं होतं त्यात आतला आरसा, ग्लोव्ह बॉक्स आणि उघडझाप करणारे हेडलाइट, एवढंच ठळक होतं.

टनेल ठोकण्याविषयी थोडं सविस्तर सांगतो कारण त्यात आनंद आहे. मिशिगनचा जानेवारी, गॅरेजमध्ये एक हीटर जो फक्त आपल्या डाव्या पोटरीला भाजतो, आणि तुम्ही सीट काढलेल्या गाडीखाली पाठीवर पडून पाच पौंडाच्या हातोड्यानं टनेलचा पत्रा केबिनच्या बाजूला ढकलताय. दहा घाव, गिअरबॉक्स वर उचलून बघायचं, टेकतोय, खाली घ्यायचा, परत दहा घाव. हे आठवडाभर. बायको एकदा चहा घेऊन आली, पाच मिनिटं गप उभी राहून बघत होती, मग म्हणाली, "हे तू जागा करायला ठोकतोयस की राग काढायला?" उत्तर देऊ नका. चहा घ्या.

वायरिंग डायनिंग टेबलवरच करा, गॅरेजमध्ये बोटं चालत नाहीत. शेवरलेचा कॉम्प्युटर जपानी मीटरशी बोलत नाही, दोघांची भाषा वेगळी, मधे तुम्ही दुभाषे. ताहोच्या हार्नेसमधल्या, म्हणजे वायरींच्या जुडग्यातल्या, निम्म्या वायरी तुम्हाला नकोच असतात पण कुठल्या निम्म्या ते कापल्यावर कळतं. संकष्टीला आमच्याकडे चार लोक जेवायला होते आणि मोदकांच्या ताटाशेजारी वायरींचा गुंता पडलेला, एका काकूंनी विचारलं हे काय रे, म्हटलं गाडी आहे. त्या म्हणाल्या, कुठाय?

मग तो दिवस उजाडेल. दीड वर्ष म्हणाला होतात, तीन हिवाळे गेलेत, चांगली रोजची गाडी तीनही हिवाळे बाहेर बर्फात उभी आहे. किल्ली फिरवाल आणि तो आवाज येईल, आणि खरं सांगतो, त्या आवाजात सगळं माफ आहे, मी खोटं बोलणार नाही, डोळ्यात पाणी आलं माझ्या. निम्मं एक्झॉस्टच्या धुरानं, पण निम्मं खरं. पहिल्या सरळ रस्त्यावर पाय दिलात की मागची चाकं धूर काढतील आणि गाडी पुढे जाण्याऐवजी आडवी जायचा विचार करेल. मिनीव्हॅनला आता तुम्ही हरवू शकता, फक्त रस्ता सरळ, कोरडा आणि रिकामा पाहिजे, आणि मिनीव्हॅनवाल्याला शर्यत आहे हे माहीत पाहिजे. वळण आलं की मात्र आधी आठवण येईल की पूर्वी इथे नुसतं मनात आणलं तरी चालायचं. आता अर्ज करावा लागतो. शिवाय इंजिनाचा गरम धूर नेणारे हेडर पाइप पायाशीच असल्यानं ऑगस्टमध्ये उजव्या बुटाचा तळवा मऊ पडतो, तेव्हा जाड तळव्याचे बूट घ्या आणि हेही बजेटमध्ये धरू नका.

कायद्याचं टेन्शन घेऊ नका, फक्त राहता कुठे ते बघा. आमच्या मिशिगनमध्ये गाडीची दरवर्षीची तपासणीच नाही, त्यामुळे असले उद्योग इथे पिकतात. कॅलिफोर्नियात असाल तर इंजिन गाडीच्याच सालाचं किंवा त्यानंतरचं लागतं, त्या इंजिनाची प्रदूषण रोखणारी सगळी उपकरणं जागेवर लागतात आणि गाडी सरकारनं नेमलेल्या तपासनिसाकडे, रेफरीकडे, नेऊन दाखवावी लागते. आणि भारतात? पुण्यातल्या माझ्या मामेभावानं ऐन तरुणपणी झेनमध्ये एस्टीमचं १.३ चं इंजिन टाकलं होतं, दोन्ही सुझुकीच्या एकाच घराण्यातली असल्यानं सुखानं नांदली. आता मात्र मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर असल्या बेकायदा बदलाला मालकाला दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दर बदलामागे, बरं का. माझ्या गाडीचे बदल मोजायला बसलेला इन्स्पेक्टर रिटायर होईल.

आता एवढं झाल्यावर तुम्हाला वाटेल काम संपलं. नाही. उन्हाळ्यात सिग्नलला तापमानाचा काटा लालात जातो, मग गाडी परत स्टँडवर. क्लच जड झालाय, परत स्टँडवर. महिन्यातले चार दिवस गाडी चालते आणि त्यातले दोन दिवस पाऊस असतो.

कोपऱ्यातलं ते जुनं इंजिन तेवढं विकून टाका, जागा अडवतं. माझं पलीकडच्या गल्लीतला सतरा वर्षांचा पोरगा घेऊन गेला, तीनशे डॉलर, त्यातले चाळीस सुट्टे. त्याच्या मियाटाचं इंजिन गेलेलं होतं. शनिवारी त्यानं आणि त्याच्या दोन मित्रांनी ते घातलं, रविवारी दुपारी पिझ्झा खाऊन चालू केलं, काही कापलं नाही, काही ठोकलं नाही. सोमवारपासून रोज सकाळी सव्वासातला तो शाळेला जाताना माझ्या दारावरून जातो, छप्पर उघडं टाकून, आणि गॅरेजचं दार वर दिसलं की हेडलाइट दोनदा वर-खाली करतो. अशा वेळी हात करायचा असतो. मी गाडीखालीच असतो, तेव्हा जेवढा हात बाहेर निघेल तेवढा करतो.